काचेतला बांध

अन्वर, बाहेर तुझ्या चाळिसाव्याचं जेवण चाललंय. दालच्याचा वास थेट इथवर येतोय. जुबेदाभाभींनी मला दोनदा बोलावणं पाठवलं आणि मी दोन्ही वेळा "आलोच" म्हणालो. आलोच म्हणून न उठणं ही खरं तर तुझी खोड. तुझ्या दुकानामागच्या खोलीत, तुझ्याच तिपाईवर, काचेच्या टाकीपुढं बसलोय. चहा निवून त्यावर साय धरलीय. तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तर, चहा काय बघायला ठिवलाय व्हय?"

मघाशी कुणीतरी म्हणालं, तुम्ही त्याचे शाळेपासूनचे दोस्त, दोन शब्द बोला. नाही बोललो. माणूस चांगला होता, पंपांच्या जळक्या मोटारी झकास भरायचा, आखातात राहून आला पण गावाला विसरला नाही, हे सांगायला मी कशाला पाहिजे? भोरच्या चौकात कुणीही सांगेल. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट टाकून तू उठून गेलास, आणि जाताना एक काम माझ्या गळ्यात मारून गेलास. "हिरवी सांभाळ." त्या कामाचं काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला बाहेर जाऊन जेवता येणार नाही.

मस्कतला एका हॉटेलात तू वीजकामाला होतास. तिथं भिंतभर समुद्राच्या पाण्याची टाकी होती, आत मासे आणि जिवंत प्रवाळ. तिचे पंप दुरुस्त करता करता तू टाकीतच अडकलास. लोक आखातातून येताना सोनं आणतात, टेपरेकॉर्डर आणतात. तू दोन पंप आणि डोक्यात एक खूळ घेऊन आलास. भोरला, या डोंगरात, समुद्र! लोक हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो. आणि मग शनिवारची सकाळची शाळा शिकवून झाली की वेल्ह्याहून एसटीनं येऊन तुझ्या त्या खुळाला पाणी वाहायला मीच जुंपला गेलो.

वरंध घाट उतरायचा, महाड मागं टाकायचं, किनारा गाठायचा, टेम्पोतली निळी पिंपं भरायची आणि तो समुद्र घेऊन परत घाट चढायचा. पहिल्याच खेपेला मी भोंगवलीहून घरचं पिंप आणलं होतं, घासूनपुसून लख्ख केलेलं. तू आत नाक घातलंस आणि पिंप खाली उतरवून ठेवलंस.

"मोरचूद कालवलाय ह्यात."

"आरं, फवारणीला कधीतरी वापरलं होतं. धुतलंय की चांगलं."

"तुज्या टोमॅटोला चालतंय. ह्येन्ला न्हाई चालत. तांबं लागलं की समदी मेली म्हणून समज."

मी तोंड फुगवून बसलो. एवढ्या लांबून पिंप वाहून आणलं त्याचं काहीच नाही. पण तू तसाच होतास. तांब्याच्या तारेवर पोट भरणारा माणूस, आणि टाकीत हात घालायच्या आधी कोपरापर्यंत इतका खळखळून धुवायचास की भाभी म्हणायच्या, "निमाजाला बी एवढं धूत न्हाईत."

प्रवाळ म्हणजे रंगीत दगड, अशी माझी समजूत. मुंबईच्या बाजारातून तू पहिले तुकडे मांडीवर घेऊन आलास तेव्हा मी म्हणालो, गणपतीच्या आराशीसारखे एकमेकांना लावून मांड, टाकी भरल्यासारखी दिसेल. तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं मी वर्गात पोरांकडं बघतो. म्हणालास, ही जनावरं आहेत. प्रत्येकाला शेकडो तोंडं. जागचं हलता येत नाही, म्हणून शेजारी कोण आला यावर सगळी नजर. दिवा गेला की अंगातून लांब धागे सोडतात आणि शेजाऱ्याला भाजून काढतात. दिसायला फुलं, वागायला भाऊबंद.

भाऊबंद म्हटल्यावर मला कळायला वेळ लागला नाही. आमचे तात्या, माझे सख्खे चुलते, दर नांगरटीला फाळाचं एक तास आमच्याकडं सरकायचे. बांध कोरून कोरून त्यांनी असा केला होता की त्यावरून कोंबडीसुद्धा जपून चालायची. तू एकदा भोंगवलीला आला होतास तेव्हा माझे वडील आणि तात्या त्या बांधावर उभे राहून एकमेकांचे पूर्वज काढत होते. तू ऐकत होतास. परत आल्यावर टाकीतल्या त्या एका प्रवाळाचं, नळ्यांवर पांढऱ्या चांदण्यांचे तुरे असलेल्या त्या देखण्या खविसाचं, तू नाव ठेवलंस तात्या. आणि म्हणालास, "काचेत बी बांध पायजे, मास्तर."

मग तू बांध घालायला लागलास. मोजपट्टी नाही, काही नाही. पाण्यात हात घालायचा, एका प्रवाळाच्या कडेला अंगठा आणि करंगळी ताणून दुसऱ्याच्या कडेला. एक वीत. तात्याच्या बाबतीत पाणी वाहतं त्या अंगाला दोन वीत. "धागं पाण्यासंगं वाहत्यात. उतार कुठं हाय ते बघून बांध घालायचा. शेतकऱ्याचा पोरगा ना तू?" आणि नुसता बांध घालून भागत नाही, हेही तूच शिकवलंस. ती वाढतात. वाढली की सरकवायची, नाहीतर छाटायची. बांध दर हंगामाला नवा.

कोपऱ्यात एक कातड्यासारखं मऊ प्रवाळ होतं. ते कुणाला शिवायचं नाही, पण पाण्यात काहीतरी सोडायचं आणि लांबचीसुद्धा कोमेजायची. त्यासाठी तू पंपापाशी कोळशाची पुरचुंडी टांगली होतीस. मी विचारलं, हे कशाला? म्हणालास, "हाताला बांध आडवतो. जिभेला आडवत न्हाई. ह्यो कोळसा शिव्या गाळतो." मी इतका हसलो की चहा नाकात गेला.

हिरवी मात्र सगळ्या प्रवाळांत वेगळी. ती आली तेव्हा आतलं निम्मं दगडी हाड उघडं पडलं होतं. दुकानदारानं टाकून द्यायला काढलेली, तू मागून आणलीस. उजेडापासून जरा बाजूला ठेवलीस, पाण्याचा जोर लागू नये म्हणून पुढं दगडाचा आडोसा केलास. वीज गेली की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पंप चालवत बसायचास. मी म्हणायचो, गेलं रे ते, सोड. आणि एका शनिवारी मी वेल्ह्याहून उतरलो तर तू भोरच्या स्टँडवर उभा. कधी येत नव्हतास घ्यायला. म्हणालास, "चल" एवढंच. घरी येऊन बघतो तर त्या मेल्या दगडातून हिरवीगार बोटं बाहेर आली होती आणि पाण्यात डोलत होती. तुझे डोळे भरून आले होते आणि तू पंपाशी उगाच खुटखुट करत होतास. अन्वर, माझ्या आयुष्यात मी सुंदर म्हणावं असं फार काही बघितलेलं नाही. ते बघितलं, ते तुझ्यामुळं. हे मी तुला कधी बोललो नाही. तेव्हा म्हणालो, "बरी दिसतीय."

आता भांडणाकडं येतो.

मी दर शनिवारी म्हणायचो, इतकं अंतर कशाला? जवळ ठेव, होईल सवय. तू म्हणायचास, "तुज्या तात्याला झाली व्हय सवय?" मी म्हणायचो, तात्या म्हणजे सगळी दुनिया नाही. तू म्हणायचास, "समद्यांत थोडा थोडा तात्या आसतुया, मास्तर. तुज्यात बी, माज्यात बी. बांध आसला की त्यो गप ऱ्हातो." तिथवर टाकीचं भांडण. पण माझा राग टाकीवर नव्हताच. तू तोच बांध माणसांत घालायचास.

आमच्या घरी तू पडवीच्या पुढं कधी आला नाहीस. आई आतून ओरडायची, "आरं आन्वर, आत ये की, पोळी तव्यावरची खा." तू म्हणायचास, "हितंच बरं हाय, आई. वारं लागतंय." वैशाखात सुद्धा तुला पडवीत वारं लागायचं! कुणी कधी तुला अडवलं नव्हतं. पण कुणी काही म्हणायच्या आधीच दोन पावलं मागं सरकून उभं राहायची सवय तुला कधी लागली कोण जाणे. तुझ्या घरचा शीरखुर्मा डब्यातून आमच्याकडं यायचा, आमच्या पुरणपोळ्या त्याच डब्यातून परत जायच्या. डबा आत-बाहेर करायचा, तू नाही. मी चिडून एकदा म्हणालो, "डब्याला तुझ्यापेक्षा माया जास्त आहे." तू हसलास. म्हणालास, "वीतभर आंतर हाय म्हणून तर एवढी वर्सं टिकलंय, मास्तर."

"टिकलंय म्हणजे काय? मेलं नाही, एवढंच ना?"

तेवढ्यात चहा आला. उत्तर पुढच्या शनिवारी देतो म्हणालास.

मग तुझं पुणं सुरू झालं. आठवड्यातून दोनदा पुण्याला. कशाला? तार आणायला. मी थट्टा केली, "अरे, भोर ते दिल्ली खांब टाकतोयस का काय? एवढी तार कशाला?" तू म्हणालास, "सीजन हाय." उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून बसायला लागलास. पायावर सूज दिसली तर म्हणालास, एसटीत उभं राहून आली. आणि मी, पोरांच्या चेहऱ्यावरून कोण कॉपी करतंय ते ओळखणारा मी, सगळं खरं मानत गेलो.

शेवटच्या शनिवारी तू तिपाईवर बसलास आणि म्हणालास, "मास्तर, आज तू हात घाल." इतक्या वर्षांत तू मला त्या पाण्यात बोट बुडवू दिलं नव्हतंस. मला वाटलं, चला, शेवटी पसंत पडलो. कोपरापर्यंत हात धुतले, तात्याच्या कडेला अंगठा टेकवला, पाणी येतं त्या अंगाच्या हिरवीकडं करंगळी ताणली. "वीत माजी मोठी हाय तुज्यापरीस. तू बोटभर जादा सोड," म्हणालास. मी सोडलं. "आन् हिरवी सांभाळ. म्या जरा आठ-पंधरा दिवस भाईर हाय." मी विचारलं, कुठं? म्हणालास, "तारच." तेव्हा मला कळलं नाही की तुझ्या त्या बाहीखाली दवाखान्याच्या सुया टोचून टोचून दंड काळानिळा झाला होता आणि तो तुला पाण्यात घालायचा नव्हता. मूत्रपिंडं केव्हाच गेली होती. सगळ्या घराला माहीत होतं. मला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होतीस तू.

मला कुणी सांगितलं माहिताय? एसटीच्या कंडक्टरनं. शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवून म्हणाला, "मास्तर, त्यो तुमचा मोटारवाला गेला न्हवं का." जणू गाडीच गेली कुणाची. मी आहे तसा त्याच गाडीत चढलो. नसरापूरला उतरून भोरची गाडी धरली. पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. लोक चपला शोधत होते. तुझ्या दंडाला, खांद्याला, कशालाच माझा हात लागला नाही. वीतभर नाही, अन्वर, पुरी माती मध्ये घालून ठेवलीस तू.

मी भाभींवर ओरडलो. भर माणसांत. "मला परकं समजलात का? मला का नाही सांगितलं?" त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्येंनीच घातली हुती आण. मास्तरला कळलं तर त्यो नोकरी सोडून हितंच बसंल म्हनायचे." त्यांचा तो चेहरा बघून मला स्वतःचीच लाज वाटली. पण शब्द सुटून गेले होते. त्या खोलीत कोळशाची पुरचुंडी नव्हती.

तू म्हणालास ते खरं आहे. बसलो असतो. पुण्याला तुझ्याबरोबर आलो असतो, रक्त धुणाऱ्या त्या यंत्रापाशी तू पडलेला असताना शेजारी बसून वर्तमानपत्र वाचलं असतं, तुला शिव्या घातल्या असत्या. काय बिघडलं असतं? कुणाला भाजलं असतं? सांग ना. तुझा बांध शाबूत राहिला आणि मी पलीकडं राहिलो, ह्यात कोण टिकलं?

मे लागला, शाळेला सुट्टी झाली. मी भोंगवलीला गेलो नाही, इथंच राहिलो. ठरवलं, तू ठेवलंस तसं ठेवायचं. दगड हलवायचा नाही, प्रवाळ सरकवायचं नाही, काचेवरचा तुझ्या बोटांचा ठसासुद्धा पुसायचा नाही. पाणी बदलायचो, बॅटरी बघायचो, कोळसा बदलायचो. आणि रोज हात घालून तात्या आणि हिरवीमधली वीत मोजायचो. वीत आणि वर बोटभर. रोज तेवढीच. मोजून झालं की जिवाला जरा बरं वाटायचं.

मग डावीकडचा पंप बंद पडला. पंप बंद पडला की अख्खा तालुका तुझ्याकडं येतो. मीही तो हातात घेऊन सवयीनं दुकानात आलो आणि बंद शटरच्या आतल्या बाजूला नुसता उभा राहिलो. टेबलावर तुझी अर्धी भरलेली मोटार तशीच होती, तारेचं टोक लोंबत होतं. तो पंप तिथंच ठेवून मी परत आलो. उजवीकडचा चालू होता. पाणी हलत होतं. मला वाटलं, भागलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी भाभी केर काढता काढता थांबल्या. "भाऊजी, त्या तात्याचं धागं हिकडल्या अंगाला याया लागल्यात का वो? त्यो दगड जरा सरकवा की."

"नको. त्यानं ठेवलाय तसा राहू दे."

"आवो, पर ते आसते तर त्येंनी सरकवला आसता."

मी ऐकलं नाही. तडकून म्हणालो, "कुणी हात लावायचा नाही." त्या केरसुणी घेऊन गेल्या.

अन्वर, बांध शाबूत होता. वीत आणि बोटभर, तेवढाच. पाणी फिरलं होतं. डावीकडचा पंप गेल्यावर पाण्याचा उतार उलटा झाला होता, आणि तात्याचे सगळे धागे हिरवीकडं वाहत होते. उतार बघून बांध घालायचा, हे सात पिढ्यांच्या शेतकऱ्याच्या पोराला तू किती वेळा सांगितलं होतंस. मी अंतर मोजत बसलो आणि पाणी बघितलंच नाही. आधी हिरवीची एका अंगाची बोटं आक्रसली. मग तिथं तपकिरी चिकटा आला. मग मी दगड सरकवला, तात्याला पार दुसऱ्या टोकाला नेलं, हिरवीला हातात धरून वाहत्या पाण्यात हलवलं, तू पूर्वी करायचास तसं. उजेडापासून बाजूला ठेवली. पुढं दगडाचा आडोसा केला. मग पुन्हा तात्याला मूळ जागी आणलं, पुन्हा नेलं, काय करतोय तेच मला कळेना. वीज गेली की बॅटरीपाशी बसून राहायचो, तू बसायचास तसाच. पण तुझ्या हातात जे होतं ते माझ्या हातात नाही. रोज थोडं थोडं हाड उघडं पडत गेलं. काल दिवेलागणीला शेवटचं बोट गळून पाण्याबरोबर गेलं.

तर हे असं आहे. हिरवी गेली. तू एकच गोष्ट मागितली होतीस माझ्याकडं सगळ्या जन्मात, आणि ती माझ्या हातून गेली. तुझी माया करायची म्हणून मी काही हलवलं नाही, आणि न हलवल्यानंच ती मेली. आता मी कुणाशी भांडू? अंतर ठेवावं म्हणू तर तू तसा गेलास. ठेवू नये म्हणू तर ही अशी गेली. उत्तर तुझ्याकडं असेल, तर ते तू पुढच्या शनिवारी देणार होतास.

आत्ता भाभी दारात येऊन उभ्या राहिल्यात. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणतायत, "भाऊजी, उठा आता. समदी जेवली. तुमचं ताट झाकून ठिवलंय." मग टाकीकडं बघून, जरा थांबून, "ह्ये चालू ठिवायचं का बंद करायचं?"

मी म्हणालो, "आलोच."

त्या गेल्यावर उठलो. कोपरापर्यंत हात धुतले. टाकीत आता तात्या एकटाच आहे. बाकीची प्रवाळं आणि ते कोपऱ्यातलं मऊ कातडंही ह्या उलथापालथीत कुजून गेली. तात्या मजेत आहे, सगळे तुरे फुलवून, सगळं पाणी त्याचंच. मी पाण्यात हात घातला. त्याच्या कडेला अंगठा टेकवला आणि हिरवी होती त्या बाजूला करंगळी ताणली. वीत पुरी झाली. वर बोटभर सोडलं, तू सांगितलं होतंस तेवढं. पलीकडं काहीच नव्हतं, नुसतं पाणी.

हात तसाच आहे, अन्वर. हे अंतर आता कुणापासून राखू?